पलंगाखालचं पाणी

कुणाच्याही घरात शिरला की वितोमिर आधी जमिनीवर टाच आपटून बघायचा. मग नमस्कार.

पाण्याचा पहिला घोट तो लगेच गिळत नसे. तोंडात धरून डोळे बारीक करायचा आणि घरमालकाला त्याची विहीर किती खोल आहे ते सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

खुर्चीच्या कडेवर बसायचा, बस सुटायला आल्यासारखा. कॉफी उभ्यानेच. फोनवर बोलताना अंगणात चकरा मारायचा. मुलगी परदेशातून, लिंझहून ओरडायची, "बाबा, कुठे पळताय? मला वारा ऐकू येतोय नुसता."

हेझलच्या झुडपाची ओली फांदी दिसली की खिशातला चाकू निघायचाच.

बायकोकडे बघायचा तो डोळ्यांत नाही, खांद्यांकडे. खांदे वर ओढलेले असले की आज जास्त दुखतंय, हे त्याला कळायचं. विचारायचा नाही. बाहेर निघून जायचा आणि काहीतरी ठोकायला घ्यायचा.

या सवयी दारिंकाने सदतीस वर्षं पाहिल्या. तिला सगळ्या सोसवल्या. एक सोडून. अलीकडे दर काही महिन्यांनी तो तिचा पलंग हलवायचा.

वितोमिर पाणाड्या होता. आरिल्ये या लहान शहराच्या वरच्या डोंगरात रास्पबेरीचे मळे आहेत, आणि रास्पबेरीला उन्हाळ्यात पाणी लागतं. हातात हेझलची दुबेळकी काठी घेऊन तो मळ्यातून चालायचा. काठीचं टोक खाली ओढलं गेलं की टाचेने खूण करायचा. तिथेच खणायचा. तेही ऑगस्टच्या अखेरीस, पाणी सगळ्यांत खाली गेलेलं असताना. वसंतात तर कुणालाही पाणी लागतं, असं तो तुच्छतेने म्हणायचा. रहाटावर त्याचा कूम, म्हणजे मानलेला भाऊ, ओब्राद असायचा. ओब्राद वितोमिरच्या लग्नात साक्षीला उभा राहिला होता, आणि त्यानंतर तीसहून अधिक वर्षं दर मोसमात त्याला दोराने खाली सोडत आणि वर ओढत आला होता. एवढ्या वर्षांत त्यांची एकही विहीर कोरडी निघाली नाही. गावात त्याला मान होता तो एवढ्यासाठीच. जे दिसत नाही त्याचा उगम हा माणूस शोधून काढतो.

मग दारिंकाचं दुखणं सुरू झालं.

सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिची आई गेली. त्याच महिन्यात तिला फ्लू झाला. दोन आठवडे ताप हटला नाही. ताप उतरल्यावर अंगणातल्या बर्फावर घसरून ती पाठीवर पडली. हाड मोडलं नव्हतं. मार्चपर्यंत सगळं संपायला हवं होतं. पण मार्चमध्ये तिला सकाळी स्वेटर अंगात घालता येईना. लोकर टोचत नव्हती, लोकरीचं ओझं होत होतं. आधी मान, मग खांदे, मग कंबर, मग गुडघ्यांच्या आतली बाजू. दुखणं एका जागी थांबतच नसे. रात्रभर झोपूनही ती मैलभर लाकडं वाहून आल्यासारखी उठायची. बोलता बोलता शब्द हरवायचे. एकदा तिला चाळणीचं नाव आठवेना, आणि ती स्वयंपाकघरात चाळणी हातात धरून रडली.

रक्त तपासलं. सगळं ठीक. एक्स-रे काढले. ठीक. दवाखान्यातला प्रत्येक कागद म्हणत होता की ही बाई निरोगी आहे.

कागद निरोगी म्हणाले की गावाला तोंड फुटतं.

"ओल्या केसांनी दारात उभी होतीस. दोन्ही दारं उघडी. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी," वितोमिरची मोठी बहीण कोसारा म्हणाली. ती शेजारच्याच घरात राहायची आणि कॉफीला इथे यायची.

"कधी?"

"एकोणनव्वद साली."

"कोसारा, तेव्हा मी बावीस वर्षांची होते."

"अंगात शिरलेलं वारं घाई करत नाही, बाई."

कोसाराने डुकराची चरबी लावलेली कोबीची पानं आणली आणि दारिंकाच्या गुडघ्यांना बांधली. दारिंका म्हणाली, "आता थोडा खिमा-भात पण घाल आत, म्हणजे सारमाच होईल माझी. रविवारी जेवायला वाढ सगळ्यांना." कोसारा हसली नाही. पण फाटकाबाहेर गेल्यावर तिने शेजारणीला सांगितलं की पेन्शनला थोडीच वर्षं उरली की शीतगृहातल्या सगळ्याच बायकांचं अंग दुखायला लागतं. दारिंकाने ते खिडकीतून ऐकलं.

शीतगृहात तिने बावीस वर्षं काढली होती. पट्ट्यावरून गोठलेल्या रास्पबेरी यायच्या, चांगल्या एकीकडे, फुटक्या दुसरीकडे. पायांत नमद्याचे बूट, हातांत दोन-दोन मोजे. ओब्रादचं म्हणणं, ती थंडीच हाडांत जाऊन बसली आहे. मुलीचं म्हणणं, आजी गेल्याचं दुःख आईने बाहेर काढलंच नाही. प्रत्येकाकडे एक-एक कारण होतं, आणि प्रत्येकजण ते दारिंकाच्या मांडीवर ठेवून घरी जात होता.

वितोमिरने कुणाशी वाद घातला नाही. एकदाच, कोसारा "मनाचे खेळ" म्हणाली तेव्हा, त्याने तिच्या पुढ्यातला कप उचलला आणि उरलेली कॉफी मोरीत ओतली.

"माझी कॉफी संपली नव्हती."

"संपली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हेझलची दुबेळकी घेऊन स्वतःच्या घरात शिरला. दारिंका पलंगावर होती. तो भिंतीला धरून हळूहळू चालत आला. पलंगाच्या पायथ्याशी काठीचं टोक खाली गेलं.

"बघ," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. आनंदाने. "बघ, दारिंका! पाण्याची नस जातेय इथून. थेट तुझ्या पाठीखालून. एकतीस वर्षं... अगं, तू पाण्यावर झोपत आली आहेस. दुखणारच अंग."

"तूही माझ्याच शेजारी झोपत आलायस, वितो."

"मला पाणी लागत नाही. मला सवय आहे."

त्या दिवशी पलंग पहिल्यांदा हलला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात दारिंकाला दोन दिवस शांत झोप लागली. बर्फ पडत होता, रस्त्यावर गाडी नव्हती, कुत्री गप्प होती. कशामुळे झोप आली कोण जाणे. पण आली. ती म्हणाली, "आज बरं वाटतंय." वितोमिर अंगणात गेला आणि त्याने विनाकारण फळ्यांचा आख्खा ढीग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपाशी नेऊन रचला.

तिसऱ्या दिवशी दुखणं परत आलं.

नस वळली असणार, तो म्हणाला. पाणी वळतं.

तेव्हापासून सहा वर्षं तो वळणाऱ्या पाण्यामागे धावला. मागच्या खोलीत, स्वयंपाकघरात चुलीला चिकटून, मुलीच्या जुन्या खोलीत, बोळात. एकदा डोकं उत्तरेला, एकदा दाराकडे. प्रत्येक वेळी ओब्रादला हाक जायची. दारिंका कोट घालून स्टुलावर बसायची आणि दोन म्हातारे तिचा ओकचा पलंग कण्हत कण्हत उंबऱ्यावरून पलीकडे न्यायचे.

"कूम, तुझ्या बाजूने उचल."

"उचललाय. तुझी बाजू रुतलीय."

"माझी कशी रुतेल? मी विहिरीतून दगड काढलेला माणूस."

"दगड मी काढले. तू खाली बसून दोराला बांधायचास."

हसायचे. दारिंकाही हसायची. मग नव्या खोलीत नवं छत. नवी फट, नवा उजेड, नवा आवाज. चुलीजवळ उकाडा, बोळात गारठा. जरा कुठे अंगाला जागा ओळखीची व्हायची, झोप चार तासांवर यायची, की त्याचा चेहरा पुन्हा खाली वळायचा. जमिनीकडे. टाच पुन्हा ठोकायला लागायची.

ती नको का म्हणत नव्हती? हा प्रश्न तिला पुढे मुलीनेही विचारला. उत्तर सोपं नव्हतं. अख्ख्या गावात तिचं दुखणं खरं मानणारा माणूस तोच एक होता. कागदांनी मानलं नाही, नणंदेने मानलं नाही, काही दिवस तिने स्वतःही मानलं नाही. वितोमिरने मात्र क्षणभरही शंका घेतली नाही. पलंग ओढणं हे त्याचं विश्वास ठेवणं होतं. पलंग राहू दे म्हटलं तर तो काय करणार? त्याला बसता येत नव्हतं. एकदा तिने म्हणून पाहिलं होतं, "जरा बस ना माझ्याजवळ. काही करू नकोस." तो बसला. कडेवर. गुडघा हलत होता, आणि गुडघ्यामुळे पलंग, आणि पलंगामुळे तिची कंबर. पाच मिनिटांनी तीच म्हणाली, "जा, वितो. लाकडं फोड."

म्हणून ती गप्प राहिली आणि कोट घालून स्टुलावर बसत राहिली. एकोणीस वेळा.

विसाव्या वेळी, गेल्या एप्रिलात, तो धापा टाकत आत आला. सगळ्या घरात आता निर्धोक जागा उरलेली नाही, म्हणाला. पण अंगणाच्या टोकाला रास्पबेरीचे क्रेट ठेवायची शेड आहे ना, तिथे काठी मेल्यासारखी पडून राहते. जरासुद्धा हलत नाही. शेडला आतून फळ्या मारू, शेगडी ठेवू. ओब्राद बाहेर उभाच आहे.

दारिंका पलंगावर पडून होती. त्या दिवशी खांदेच काय, केसांची मुळंही दुखत होती.

"शेडमध्ये," ती म्हणाली.

"उन्हाळ्यापुरतं. पुढे मी तिथे खोलीच बांधतो."

"क्रेटच्या शेडमध्ये."

"दारिंका, तिथे पाणी नाही!"

ओब्राद आत आला आणि सवयीने पायथ्याची बाजू धरली. वितोमिरने उशाची धरली. दोघे वाट बघत उभे राहिले. ती उठेना.

"उठ ना."

"नाही उठत. उचला."

"असं कसं उचलणार?"

"मला धरून उचला. विहिरीतून दगड काढलेली माणसं ना तुम्ही? मी काही फार जड नाही. उचला आणि ठेवा मला क्रेटवर. फुटक्या एकीकडे, चांगल्या दुसरीकडे."

ओब्रादने पलंग सोडला. टोपी काढली, परत घातली. "वितो, मी निघतो. माझी गाय..."

"तुझ्याकडे गाय नाही."

"घेतो," ओब्राद म्हणाला आणि गेला.

मग खोलीत दोघंच उरली. वितोमिर दाराकडे बघत होता. दारिंका म्हणाली, "मी एका अटीवर उठेन. उझित्सेला नवी डॉक्टरीणबाई आली आहे, सांध्यांची. मला घेऊन चल. आणि या वेळी बाहेर गाडीत बसायचं नाही. आत यायचं. बसायचं. ऐकायचं."

सहा वर्षांत तो एकाही डॉक्टरच्या खोलीत शिरला नव्हता. प्रत्येक वेळी बाहेर, निवा गाडीच्या भोवती चकरा मारत राहायचा.

"काठी आणू का बरोबर?" त्याने विचारलं.

"नाही."

डॉक्टरीणबाई चाळिशीची असेल. तिने दारिंकाच्या मानेवर, कोपरांवर, गुडघ्यांवर बोटांनी दाबून पाहिलं. दारिंकाने ओठ चावले. मग बाईने पेन खाली ठेवलं, आणि सहा वर्षांत कुणी दिलं नव्हतं ते दिलं. नाव. फायब्रोमायल्जिया.

"हे खरं आहे," ती म्हणाली. "तपासण्यांत दिसत नाही म्हणून खोटं होत नाही. सांधे, हाडं चांगली आहेत. शरीरातली दुखण्याची यंत्रणा बिघडली आहे. साधा स्पर्श झाला तरी ती मेंदूला मोठ्याने ओरडून सांगते."

"कशामुळे?" वितोमिर उठून उभा राहिला. "कारण काय? मूळ कुठे आहे?"

"बसा."

तो बसला.

"नेमकं मूळ कुणालाच सांगता येत नाही. काहींच्या घराण्यात असतं. काहींना मोठ्या तापानंतर सुरू होतं, काहींना पडल्यावर, काहींना जवळचं माणूस गेल्यावर. काहींना या सगळ्यांचं मिळून होतं. काहींना काहीच घडलेलं नसताना होतं."

"तिची आई गेली. ताप आला. बर्फावर पडली. सगळं एकाच हिवाळ्यात."

"असू शकेल. त्यांतलं एकच निवडायचं म्हटलं तर मला नाही जमणार."

वितोमिर टोपी हातात फिरवत होता. मग अचानक थांबला. "कधीकधी विहिरीला नस नसते," तो हळू म्हणाला. "पन्नासात एखादी. खणत जातो आणि झरा सापडतच नाही. पण सकाळी बघावं तर तळाशी हातभर पाणी. चारी भिंती पाझरतात. कुठे बोट ठेवावं असं ठिकाणच नसतं."

"मग अशा विहिरीचं काय करता?"

"काही नाही करता येत. खणणं थांबवायचं. जास्त खणलं तर भिंती ढासळतात."

बाईने मान हलवली आणि दारिंकाकडे वळली. झोप कशी आहे? किती तास? मोडते का? वाईट झोपेने हे दुखणं चढतं, आणि दुखण्याने झोप मोडते, म्हणून तिथून सुरुवात करू. रोज एकाच वेळी झोपायचं. एकाच जागी, अंगाच्या ओळखीच्या. "झोपायची खोली कशी आहे?"

 दारिंकाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला हसू येत होतं.

"कुठली खोली?" वितोमिर म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. काठी, नस, ओब्राद, बोळ, एकोणीस वेळा. बोलता बोलता त्याचा आवाज खाली जात राहिला. शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे मीच?"

"दुखणं तुम्ही दिलं नाही," बाई म्हणाली. "जमिनीखालच्या पाण्याचं मला काही माहीत नाही. झोपेचं माहीत आहे. पलंग आता एका जागी राहू द्या."

"कुठल्या जागी?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा."

परतीच्या वाटेवर त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मळ्यांतल्या तारांवर कोवळी पानं फुटली होती.  दारिंकाला गाडीचा कडक पाठटेका टोचत होता, पण ती हलली नाही.

"तुला कुठे हवाय?" त्याने विचारलं.

सहा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. आणि दारिंकाच्या लक्षात आलं की उत्तर तिच्याजवळ कधीपासून तयार होतं.

"रस्त्याकडच्या खोलीत. खिडकीखाली."

वितोमिरचा चेहरा उतरला. ती खोली त्याने सगळ्यांत आधी बाद केली होती. तिथे काठी एवढ्या जोरात खाली जायची की त्याच्या तळव्यांची सालं निघायची. घराखालचं सगळं पाणी जणू त्या खोलीखालून जात होतं. त्या जागी त्याने शत्रूलाही झोपवलं नसतं.

"तिथेच का?"

"माणसं दिसतील. आवाज येतील. मागच्या खोल्यांत मला मेल्यासारखं वाटतं, वितो."

तो घरी आला, निवा उभी केली आणि प्लमच्या झाडांमध्ये निघून गेला. दारिंकाने कॉफी केली. ती गार झाली. तिने परत केली. त्याने नाही म्हटलं तर? तिने ठरवलं होतं की तसं झालं तर ती लिंझला मुलीकडे जाईल. बॅग कुठल्या कपाटावर आहे हेही तिने मनात बघून ठेवलं. सहा वर्षं पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसाला सोडून जायचं. कारण तो पाठीशी कधी नुसता उभाच राहू शकला नाही.

उन्हं कलताना फाटक वाजलं. वितोमिर आणि ओब्राद. दोघांचे हात रिकामे.

"कूम, तुझ्या बाजूने," वितोमिर म्हणाला. एवढंच. पलंग रस्त्याकडच्या खोलीत गेला. खाली ठेवताना त्याने डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोसाराने ते फाटकातून पाहिलं आणि ओरडली, "बायकोला पाण्यावर झोपवलंस? वेड लागलं का? मारायचंय तिला?"

"तिने सांगितलं," वितोमिर म्हणाला.

"तिला काय कळतं पाण्यातलं?"

"पाण्यातलं मला कळतं. पाठ तिची आहे."

दुखणं गेलं नाही. इथे तसं काही घडलं नाही. काही दिवस वाईट, काही बरे. एका गोळीने तोंड कोरडं पडायचं, दुसरीने पडत नव्हतं. पण मे संपेपर्यंत तिला बहुतेक रात्री सहा तास झोप मिळायला लागली, आणि चाळणीला चाळणी म्हणता यायला लागलं. रोज सकाळी ती वळणापर्यंत चालायची. आधी अर्ध्या वाटेपर्यंत, मग वळणापर्यंत. घाई करायची नाही, बरं वाटतंय म्हणून जास्त चालायचं नाही, असं बाईने बजावलं होतं. कोसारा बरोबर यायची. कबुली काही दिली नाही तिने. म्हणायची, "मलाही पाय मोकळे करायचेत."

वितोमिर बदलला का? पूर्ण नाही. दोनदा दारिंकाने त्याला उंबऱ्यावर पाहिलं. हातात काही नसताना हात पुढे धरून उभा होता, आणि बोटं काठी धरल्यासारखी वळलेली होती. तिने खाकरलं की तो निघून जायचा. पण एक गोष्ट तो शिकला. खांद्यांकडे बघून बाहेर जाणं त्याने सोडलं. आता विचारायचा, "कॉफी इथे आणू की बाहेर येतेस?" या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही दिवशी देता येत होतं.

जूनमध्ये एकदा ती सहज म्हणाली, "इथून पडल्या पडल्या एक तार दिसते आणि आभाळ. बाकी काही नाही." खिडकी उंच होती. उठून बसलं की रस्ता दिसायचा, पण बसवतंय तोवरच.

त्याने बूट काढले आणि तिच्या शेजारी आडवा झाला. भर दुपारी. सदतीस वर्षांत तिने त्याला दिवसा आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. तो बराच वेळ वर बघत राहिला.

"चार थर," तो म्हणाला. "चार थर विटा काढल्या की खिडकी खाली येईल. माणसं दिसतील. पार चेहऱ्यापर्यंत."

"आणि धूळ? ठोकाठोकी?"

तेवढं त्याला सुचलं नव्हतं. हातोडीचा प्रत्येक घाव तिच्या अंगात उतरणार. भिंत फोडायच्या मशीनचं तर नावच नको. तो उठून बसला, तोंडातल्या तोंडात मोजलं. एका थरात नऊ विटा.

"तू वळणापर्यंत जाऊन येतेस, तेवढ्या वेळात एक वीट," तो म्हणाला. "रोज एकच."

दिवसाला मीटरभर खाली जाणारा माणूस. ओब्रादला हसू आवरेना. "एक वीट! अरे, उंदीर पण यापेक्षा लवकर भिंत पाडतो."

"उंदराला बायको नसते."

"असते."

"दुखत नसेल तिचं."

ऑगस्ट उजाडला तेव्हा त्याने चौकट काढून ठेवली आणि भोकाला नायलॉनचा कागद लावला. मग सुरुवात झाली. दारिंका आणि कोसारा फाटकाबाहेर पडल्या की आतून छिन्नीचा आवाज यायचा. वळणावरून परत येईपर्यंत थांबलेला असायचा. वितोमिर वीट बाहेर काढून, जुना चुना खरवडून, वळचणीखाली रचून ठेवायचा. काही दिवस ती अर्ध्या वाटेतूनच परत यायची. तेव्हा वीट तशीच राहायची. तो चिडायचा नाही. छिन्नी पुसून ठेवायचा.

महिना संपत आला तसा खालच्या गावातला एक मळेवाला विहिरीसाठी आला. हाच तर मोसम होता. वितोमिर म्हणाला, "खिडकी झाल्यावर."

"खिडकीला किती वेळ लागतो?"

"चौदा विटा," वितोमिर म्हणाला. मळेवाला काहीच न कळून ओब्रादकडे बघत राहिला.

त्याच आठवड्यात गुरुवारी तो चुना आणायला आरिल्येला गेला. दुकानात त्याच्यापुढे दोघे होते. त्याने पोत्याला टेकून हात ठेवला आणि खाली वाकला. दुकानदाराला वाटलं, पोत्यावरचं काही वाचतोय. हृदय थांबलं होतं. दवाखान्यात न्यायला काही उरलं नव्हतं.

त्याला जाऊन अजून चाळीस दिवस व्हायचे आहेत. मुलगी लिंझहून आली आहे. ओब्राद रोज येतो. दाराशी उभा राहतो, खिडकीकडे बघतो. परवा म्हणाला, "मी मशीन आणतो, दारिंका. तू कोसाराकडे जा. एका सकाळी उरकतं."

दारिंकाने मान हलवली. नको.

"मग रोज एक? त्याच्यासारखी?"

तिने त्यालाही उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

दोन थर निघाले आहेत आणि तिसऱ्यातल्या चार विटा. नायलॉन बाजूला केलं की पडल्या पडल्या तिला आता रस्त्याने जाणाऱ्यांच्या टोप्या दिसतात, बायकांचे रुमाल दिसतात. चेहरे दिसत नाहीत. तेविसावी वीट तीन बाजूंनी सुटी झाली आहे. चौथ्या बाजूच्या चुन्यात छिन्नी तशीच अडकलेली आहे.